अकराच्या बसने आलेली बाई

१२ फेब्रुवारी

प्रिय टिल्लूस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र सरकारी पाकिटातून आलं, त्यामुळे आधी छातीत धस्स झालं. फोडून पाहते तर खाली ‘तुझा टिल्लू’ आणि वर कार्यालयाचा जावक क्रमांक. सख्ख्या बहिणीच्या पत्राला जावक क्रमांक टाकणारा तू आपल्या घराण्यातला पहिलाच. हाताला सवय लागली की तो ऐकत नाही, चालायचंच.

इकडे मी ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, पण माझ्याकडे हक्कानं तक्रार करणारं आता दुसरं आहे कोण? पुलावरची गर्दी वाढली आहे. सकाळी सातला फाटक उघडलं की पलीकडून कामावरून परतणारी माणसं, ट्रक, बसगाड्या यांची रांग थेट आमच्या आरोग्य चौकीच्या पायरीपर्यंत येते. आमच्या डॉक्टरांना निवृत्त व्हायला दोनशे चाळीस दिवस राहिलेत आणि ते रोज सकाळी मला नवा आकडा सांगतात. चौकीला रंग दिला. रंगाऱ्यानं खिडक्यांच्या फटीही रंगवून टाकल्या, त्यामुळे त्या आता उघडत नाहीत. तुझ्या बायकोचा खोकला गेला का? धाकटीचा पुढचा दात पडल्याचा फोटो मिळाला. आत्यानं तो औषधांच्या कपाटावर चिकटवलाय म्हणून सांग.

आता कामाचं. तू तीन पानं लिहिलीस आणि कामाचं शेवटच्या चार ओळींत, तेही ‘जाता जाता’ म्हणून. लहानपणी काही फोडलंस की तू आधी माझे पाय चेपायला यायचास, त्यातलाच हा प्रकार. ‘ताई, एकोणिसाव्या रकान्यात तुझ्याकडून चुकून १ पडलाय, तेवढा ४ करून परत पाठव, अठ्ठावीस तारखेला फॉर्म बंद होतो.’

चुकून पडलेला नाही. चष्मा लावून, दोनदा वाचून लिहिलाय.

तुला शिकवायला नको, साथींच्या तयारीच्या विभागाचा प्रमुखच तू. पण तुझं पत्र वाचून वाटलं की साधी गोष्ट तुझ्या ध्यानातून गेली असावी. दर वर्षी प्रत्येक देश जागतिक संघटनेला लिहून कळवतो की उद्या मोठी साथ आली तर आमची तयारी किती. प्रयोगशाळांची किती, दवाखान्यांची किती, सीमेवरच्या चौक्यांची किती. एकापासून पाचापर्यंत गुण. पेपर आपणच सोडवायचा, आपणच तपासायचा. एक म्हणजे काही नाही. दोन म्हणजे कागदावर योजना आहे. तीन म्हणजे ती थोडीफार चालते. चार म्हणजे सराव घेऊन पाहिला आणि योजना खरी उतरली. पाच कोणी लिहितं का, मला ठाऊक नाही. चौक्यांचा रकाना एकोणिसावा, आणि सगळ्यांत मोठी चौकी आमची, म्हणून आम्ही लिहू तोच आकडा देशाचा. हे तूच ठरवलंस, दोन वर्षांपूर्वी. तेव्हा मी चौकीत सगळ्यांना सांगत सुटले होते की हे माझ्या भावाच्या डोक्यातून निघालंय.

तर मग पाहूच आमची तयारी. अलगीकरणाची खोली आहे. तिच्यात सध्या तुमच्याकडून आलेले मागच्या वर्षीच्या तयारी-अहवालाचे चाळीस गठ्ठे आहेत. गुळगुळीत कागद, ओल लागू नये म्हणून चौकीतली सगळ्यांत कोरडी खोली त्यांना दिली. रुग्ण आला तर त्याला व्हरांड्यात बसवावं लागेल, पण अहवालाच्या केसालाही धक्का लागणार नाही. चोवीस तास चालू असणारा आणीबाणीचा फोन आहे. तो डॉक्टरांच्या कपाटात कुलूपबंद असतो, कारण सामानाच्या यादीत तो त्यांच्या नावावर आहे आणि हरवला तर जाब त्यांना द्यावा लागेल. तो वाजतो, आम्ही ऐकतो. संरक्षक पोशाख तीस आहेत. सगळे एका मापाचे, आणि ते माप आमच्यात फक्त ड्रायव्हरकाकांना बसतं.

तू म्हणशील, या किरकोळ गोष्टी आहेत, महिन्याभरात दुरुस्त होतील. होतील की. एवढ्यासाठी मी नाक मुरडून का होईना, तीन दिला असता. एक का दिला, ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. तू समजून घे आणि आकडा आहे तसा जाऊ दे.

तब्येतीला जप. खुर्चीत फार वेळ बसत जाऊ नकोस.

तुझी,
ताई


२१ फेब्रुवारी

प्रिय टिल्लू,

आशीर्वाद. परवा मी फोन मध्येच ठेवला, राग मानू नकोस. फोनवर तू साहेब होतोस. पत्रात निदान पहिल्या ओळीपुरता तरी माझा भाऊ असतोस.

काय भाव करतोस रे. चार नाही तर तीन, तीन नाही तर दोन. ‘योजना लेखी आहे, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या दोन तरी बसतोच, ताई.’ मंडईत उभं असल्यासारखं वाटलं मला. आणि मग बदलीचं ते गाजर. तुझ्या घराजवळच्या नर्सिंग शाळेत शिकवायला ये, पायऱ्या नाहीत, गुडघ्यांना बरं. इतकी वर्षं माझे गुडघे कुठे होते? डॉक्टर माझ्याऐवजी सही करतील, हेही तू सुचवून ठेवलंस. ते करतील, यात शंका नाही. समोर धरला तर ते दूधवाल्याच्या कागदावरही सही करतात.

तुझी अडचण मला कळते. नऊ मार्चला बाहेरच्या देशांतले पाच तपासनीस येणार. आपण स्वतःला दिलेले गुण खरे की खोटे, हे ते चौकीत येऊन, आम्हाला विचारून बघणार. त्यांच्यापुढे तू आमचा सराव नमुना म्हणून मांडणार आहेस. ते सगळं नीट पार पडलं की जागतिक संघटनेत तुझी नेमणूक. ‘ताई, माझ्या आयुष्याचा प्रश्न आहे,’ असं तू म्हणालास. तुझा आवाज खोल गेला होता. आई गेली तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास, त्यानंतर हा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. ऐकून मला रडू आलं, हे कबूल करते. तरीही मी एकच लिहिणार.

कारण विचारतोस तर ऐक. अहवालाचं चौदावं पान उघड. तुझ्या टेबलावर असेलच.

फोटोत डावीकडे तू, हातात स्टॉपवॉच, चेहऱ्यावर हसू मावत नाही. उजवीकडे आमचे डॉक्टर. मी मागे, निम्मी कापली गेलेली. मध्ये खुर्चीवर एक बाई बसली आहे, गळ्यात ‘सराव रुग्ण १’ असं कार्ड. आपण सगळे कॅमेऱ्याकडे बघतोय, ती जमिनीकडे. खाली छापलंय, ‘रुग्णाची भूमिका करणारी स्वयंसेविका’.

ती स्वयंसेविका नव्हती, टिल्लू. ती रुग्ण होती.

तू ठरवलेलं होतं ते असं. मागच्या वर्षीची सोळा जानेवारी, अकराची बस. पलीकडून येणाऱ्या त्या बसमधून शाळेतल्या नाट्यशिक्षिका उतरतील, तिशीच्या, अंगात ताप, चेहऱ्यावर पुरळ, सगळं अर्थात खोटं. आम्ही त्यांना ओळखायचं, बाजूला घ्यायचं, खोलीत न्यायचं, वर कळवायचं. पंधरा मिनिटांच्या आत. आमच्यापैकी कोणीही त्या शिक्षिकेला पाहिलेलं नव्हतं, कारण आधी पाहिलं तर सराव कसला, असं तुझंच म्हणणं. बरोबरच होतं.

अकराची बस आली. एक बाई उतरली, तिशीची, अंगात ताप, चेहऱ्यावर पुरळ. मी धावले आणि तू पाठवलेलं सराव-रुग्णाचं कार्ड तिच्या गळ्यात घातलं.

सगळं किती छान झालं ते तुला आठवतच असेल. डॉक्टर पुरळाकडे बघून म्हणाले, ‘मेकअप काय झकास जमलाय.’ ताप एकशे दोन, असं कार्डावर आधीच छापलेलं होतं, म्हणून मी तोच वाचून मोठ्यानं सांगितला. थर्मामीटर हातात होता, लावला नाही. कशाला लावायचा, आकडा तर होताच. तू तिला विचारलंस, ‘नाटकांत काम करता का?’ ती म्हणाली, ‘नाही, शिवणकामाला जाते.’ आपण सगळे खो खो हसलो. भूमिका सोडत नाही म्हणून तू तिचं कौतुक केलंस. अकरा मिनिटं. तुझ्या घड्याळात अकरा मिनिटं.

मग तिनं विचारलं, घरी जाऊ का. मी म्हटलं, हो, सराव संपला, जा. कार्डावर सही केली आणि ते तिच्या गळ्यातून काढून घेतलं.

नाट्यशिक्षिकेची बस चुकली होती. हे मला नंतर कळलं. कसं कळलं ते राहू दे.

ही बाई दोन महिने पलीकडे शिवणकाम करून घरी परतत होती. तिला गोवर झाला होता. मोठ्या माणसाला होतो तेव्हा जास्त हैराण करतो. मासळीच्या कारखान्यामागच्या कामगार चाळीत ती राहते. पुढच्या तीन आठवड्यांत त्या चाळीत सत्तावीस मुलं आजारी पडली. तीन गेली. त्या साथीची नोंदही तुझ्याच विभागाकडे आली आणि याच अहवालात ‘साथीचं मूळ अज्ञात’ म्हणून छापली गेली. चौदाव्या पानावर मूळ खुर्चीत बसलंय, फोटोसकट, आणि बत्तिसाव्या पानावर ते अज्ञात आहे. एकाच पुस्तकात. इतक्या जणांनी ते वाचलं, कोणाला काही खटकलं नाही.

तर योजना कागदावर आहे म्हणून दोन दे, असं मला पुन्हा सांगू नकोस. ती योजना आमच्याकडे नसती ना, तर त्या दिवशी मी तिला नुसती एक आजारी बाई म्हणून पाहिलं असतं. थर्मामीटर लावला असता. तीस वर्षं तेच करत आलेय. योजनेनं माझे डोळे बांधले आणि मी बांधून घेतले. त्याला एकाहून कमी आकडा असता तर मी तो लिहिला असता.

डॉक्टरांना मी सांगून ठेवलंय की या कागदावर माझ्याशिवाय कोणी सही केली तर मी फाटकाजवळ उभी राहून येणाऱ्या जाणाऱ्याला ही गोष्ट सांगेन. ते घाबरले. उरलेले दिवस पुन्हा मोजू लागलेत.

तू चिडशील. चीड. पण आधी चौदावं पान बघ.

तुझी,
ताई


८ मार्च, सकाळ

टिल्लू,

तू गावात विश्रामगृहात उतरलायस आणि मी इथून पत्र लिहितेय, आहे की नाही गंमत. पायी वीस मिनिटांचं अंतर. पण समोर आलास की मला नऊ वर्षांचा टिल्लू दिसतो आणि माझं तोंड बंद होतं, म्हणून लिहून ड्रायव्हरकाकांच्या हाती देते. तपासनीस उद्याच्या बैठकीसाठी आज दुपारीच गावात पोहोचणार आहेत असं कळलं. त्यांच्या आधी हे वाच.

तुझं पत्र मी चार दिवस उघडं ठेवून वाचतेय. तू लिहितोस, ‘ताई, जुनी गोष्ट उकरू नकोस. त्या नाट्यशिक्षिकेनं एप्रिलमध्ये प्रमाणपत्र परत पाठवलं, तेव्हाच मी ते प्रकरण मिटवलंय.’

कुठलं प्रमाणपत्र? मला तर ठाऊकच नव्हतं. म्हणून मी शाळेत जाऊन बाईंना भेटले. त्यांनी सगळं सांगितलं. सरावात रुग्णाचं उत्कृष्ट काम केल्याबद्दल तुझ्या सहीचं प्रमाणपत्र त्यांना पोस्टानं आलं. त्यांनी ते परत केलं, सोबत चिठ्ठी, की मी त्या दिवशी उशिरा पोहोचले, काम मी केलंच नाही, हे माझं नव्हे. भल्या बाई. एवढ्या सगळ्या उपद्व्यापात नको असलेला मान परत करणाऱ्या त्या एकट्याच.

म्हणजे एप्रिलमध्ये तुला कळलं होतं की खुर्चीतली बाई कोणी वेगळीच होती. अहवाल जूनमध्ये छापला. फोटो तसाच. ओळ तशीच. खुर्चीत मग कोण होतं, असं तू मला एकदाही विचारलं नाहीस.

हे वाचलं तेव्हा मला तुझा इतका राग आला की तुझं पत्र मी टराटरा फाडणार होते. हात उचलला आणि थांबला. कारण मी तुला गेल्या पत्रात खोटं लिहिलं होतं. ‘नंतर कळलं’ असं लिहून मी वेळ मारून नेली. नंतर म्हणजे कधी, ते आज लिहिते. लिहिल्याशिवाय तुझ्यावर रागवायचा मला काही अधिकार नाही.

त्याच दिवशी, साडेबाराला.

तू बाराच्या सुमारास निघालास. आम्ही चहा घेत होतो. दारात एक बाई उभी, चेहऱ्यावर लिपस्टिकचे लाल ठिपके, धापा टाकतेय. ‘माफ करा, माझी बस चुकली, सराव सुरू झाला का?’ डॉक्टर आत हात धुवत होते. ड्रायव्हरकाका बाहेर. फक्त मी होते. मला एका क्षणात सगळं कळलं, टिल्लू. मी नर्स आहे. मघाशी त्या बाईच्या कपाळाला माझा हात लागला होता आणि हातमोज्यातूनही चटका बसला होता. माझ्या हाताला कळलेलं मी कार्डावर वाचून पुसून टाकलं होतं.

मी बाईंना आत घेतलं. स्पिरिटच्या बोळ्यानं त्यांचे ठिपके पुसले. म्हटलं, उशीर झाला म्हणून आम्ही दुसऱ्या कोणाला तरी उभं केलं, तुम्ही निश्चिंत घरी जा, हे कुठे बोलू नका, तुमचीच नाचक्की व्हायची. बिचाऱ्या माझेच आभार मानून गेल्या.

कार्डामागे त्या दुसऱ्या बाईचा पत्ता होता. मीच लिहून घेतला होता, योजनेत तसं होतं म्हणून. चाळ, खोलीचा नंबर, सगळं. चालत गेले असते तर पाऊण तास.

आणि मी गेले नाही. का, ते तुला सांगते. तू निघताना गाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढून म्हणालास, ‘ताई, आज तुझ्यामुळे माझं सोनं झालं.’ मी त्या हाताकडे बघत होते. एवढंच कारण. दुसरं काही असतं तर बरं झालं असतं.

गोवराच्या रुग्णाजवळ आलेल्या मुलांना बहात्तर तासांच्या आत लस टोचली तर पुष्कळदा आजार टळतो. हे मी नव्या मुलींना दर वर्षी शिकवते, फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून. मी पाचव्या दिवशी लसीकरणाची तुकडी चाळीत पाठवली. ‘नेहमीची फेरी’ म्हणून. पाचव्या दिवशी. महिन्याभरानं त्याच हातानं गेल्या वर्षीच्या फॉर्ममध्ये एकोणिसाव्या रकान्यात चार लिहिला. तोवर तिन्ही मुलं गेली होती.

म्हणजे तुला कळलं होतं आणि मलाही. तू मला वाचवत होतास, मी तुला. एकमेकांवर पांघरूण घालत वर्षभर बसलो आणि एकमेकांना सांगितलंही नाही. आई असती तर म्हणाली असती, बहीणभावाचं किती सख्य.

आता शेवटचं. मागच्या रविवारी मी त्या चाळीत गेले.

दार तिनंच उघडलं. मला ओळखलं. शिवणयंत्र चालू होतं, ते थांबवून तिनं मला खुर्ची दिली आणि स्वतः यंत्राच्या स्टुलावर बसली. एक मुलगा आतल्या कोपऱ्यात अभ्यास करत होता. त्याची बहीण अडीच वर्षांची होती. तीन गेली म्हणून मी तुला लिहिलं ना, त्यांतली एक ती.

मी सगळं सांगितलं, सारवासारव न करता. मला वाटलं होतं ती मला हाकलून देईल, आणि मी त्याची तयारी करून गेले होते. पण तिनं एवढंच विचारलं.

‘तुम्ही टाळ्या का वाजवल्या होत्या?’

मला आधी कळेचना. मग आठवलं. तू घड्याळ थांबवून ‘अकरा’ म्हणालास आणि आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पहिली माझी होती.

ती म्हणाली, ‘मला वाटलं, तुम्ही तपासलंत आणि मला काही झालेलं नाही, म्हणून टाळ्या वाजवल्यात. एवढे मोठे लोक होते, डॉक्टर होते. मी घाबरतच उतरले होते बसमधून. दोन महिन्यांनी घरी चालले होते, मुलांना जवळ घ्यावं की नको, तेच डोक्यात होतं. तुम्ही टाळ्या वाजवल्या आणि मी निर्धास्त झाले. घरी जाऊन आधी पोरीला उचललं.’

मी तिच्यासमोर मान खाली घालून बसले. तिनं यंत्र पुन्हा सुरू केलं नाही, मला जाही म्हणाली नाही.

निघताना मी तिला विचारलं, नऊ तारखेला तपासनिसांसमोर येशील का. ती म्हणाली, येते, मला पण बघायचंय ते पुस्तक.

म्हणून टिल्लू, नीट ऐक. अठ्ठावीस तारखेला फॉर्म गेला, त्यात एकच आहे आणि खाली माझी सही आहे. सोबत दोन पानांचं निवेदन जोडलंय, त्यात सोळा जानेवारी आहे, साडेबारा आहेत, पाच दिवस आहेत. त्याची एक प्रत बाहेरच्या पाचही जणांना मी थेट पाठवली. नियमात बसतं की नाही, ते मी बघितलेलं नाही. फॉर्म बंद झाल्यावर आकडा फक्त तुझ्या विभागाला बदलता येतो, तोही कारण लिहून. बदलायचा असेल तर बदल. पण ‘तांत्रिक दुरुस्ती’ असं लिहू नकोस. कारण लिहायचं तर पूर्ण लिही आणि खाली स्वतःचं नाव घाल.

माझी नोकरी जाईल, चौकशी लागेल, परवाना काढून घेतील. घेऊ देत. त्यांनी घेतला नाही तरी मी तो तिच्यासमोर टेबलावर ठेवणार आहे. मला आता कोणाची भीती वाटत नाही, तुझ्या त्या खोल गेलेल्या आवाजाचीसुद्धा नाही. आणि त्यांनी विचारलं की तुमच्या चौकीची तयारी किती, तर मी सांगेन की कालपर्यंत शून्य होती. आज सकाळी अहवालाचे चाळीस गठ्ठे मी आणि ड्रायव्हरकाकांनी मिळून व्हरांड्यात काढून टाकले. फोनच्या कपाटाचं कुलूप तोडलं. डॉक्टर किंचाळले. तोडायला नियम आडवा येत होता म्हणे. खिडक्यांचा रंग खरवडायचा राहिलाय.

तुझ्या प्रमाणपत्राबद्दल मी एक अक्षर बोलणार नाही. ते तुझं आहे. ते कुठे, कधी आणि कोणासमोर काढायचं, हे तुझं तू ठरव. मी तुला वाढवलं, अभ्यास करून घेतला, पडलास तेव्हा उचललं. हे मात्र मी तुझ्यासाठी करणार नाही.

उद्या अकराला आम्ही बसतोय. ती माझ्या शेजारी असेल. तिच्या तोंडावर ‘चार’ म्हणायची छाती असेल तर ये. नसेल, तर नक्की ये.

तुझी ताई,
तिला ‘जा घरी’ म्हणणारी नर्स